पेंढी, पाय आणि बोटं: स्वस्त मळणी यंत्र चांगलं कशानं ठरतं?

रानटी भाताला मळणी लागत नाही. दाणा पिकला की आपसूक गळून चिखलात पडतो, कारण दाणा आणि देठ यांच्यामध्ये पेशींचा एक पातळ थर असतो आणि पिकण्याच्या वेळी तो सुटा होतो. माणसानं हजारो वर्षं ज्या लोंब्या गळल्या नाहीत त्याच कापून घरी आणल्या आणि त्यांतूनच बियाणं ठेवलं. 2006 मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी या गळतीशी संबंधित दोन जनुकं शोधली, एसएच4 आणि क्यूएसएच1. दोन्हींच्या बाबतीत फरक निघाला तो डीएनएमधल्या एकेका अक्षराचा. एवढ्याशा बदलानं पीक शेतात न सांडता हाती लागू लागलं, आणि दाणा सोडवायचं काम माणसाच्या खांद्यावर आलं.

कोकणात हे काम अजूनही पुष्कळ ठिकाणी झोडणीनं होतं. कापलेलं भात दोन-तीन दिवस वाळवायचं, पेंढ्या बांधायच्या, खळ्यावर आणायच्या आणि एकेक पेंढी डोक्यावरून फिरवून फळीवर किंवा दगडावर आपटायची. एका दाण्याला देठापासून तोडायला लागणारा जोर फार नसतो. बऱ्याच वाणांत 100 ते 200 ग्रॅम वजन टांगल्यावर जेवढी ओढ बसेल तेवढा. पण झोडणाऱ्याला दरवेळी अख्खी पेंढी उचलावी लागते. म्हणजे श्रमांचा मोठा वाटा पेंढा वरखाली करण्यात जातो, दाणा सोडवण्यात नाही. धडधाकट माणूस तासाभरात साधारण तीसेक किलो भात झोडतो आणि संध्याकाळी त्याचे खांदे, मनगटं आणि कंबर बोलायला लागतात. घरोघरी यातलं बरंचसं काम बायका करतात, त्यामुळे मळणीचं कुठलंही अवजार बघताना मी आधी त्याच्यापाशी कोण आणि किती वेळ उभं राहणार हे बघतो.

पायानं चालवायचं भात मळणी यंत्र जपानमध्ये 1910 च्या सुमारास आलं. त्यात पेंढी हलत नाही, यंत्र हलतं. आडव्या आसावर लाकडी पट्ट्यांचा ड्रम असतो, पट्ट्यांवर जाड तारेच्या उलट्या व्ही आकाराच्या कड्या ठोकलेल्या असतात, आणि खाली पायफळी. फळी दाबली की दांडा, मोठं चाक आणि लहान चाक यांच्यामार्फत ड्रम मिनिटाला 400 च्या आसपास फेरे घेतो. 40 सेंटिमीटर व्यासाचा ड्रम धरला तर कडीचं टोक ताशी 30 किलोमीटरच्या वेगानं लोंबीवरून जातं. पेंढी बुडख्याशी घट्ट धरून लोंब्यांचं टोक ड्रमवर टेकवलं की आधी जाड खरखर ऐकू येते. मनगट वळवून दुसरी बाजू दिली, मग पेंढी थोडी पसरून मधल्या लोंब्या दिल्या, की आवाज हलका होत सरसर एवढाच उरतो. दाणे संपले हे सरावाच्या बाईला कानांनीच कळतं, ती बघायलाही थांबत नाही. दोघं आलटून पालटून राबली तर तासाला शंभरेक किलो भात निघतं, आणि पेंढा अखंड राहतो.

पेंढा अखंड राहणं ही किरकोळ गोष्ट नाही. उत्तरेत गव्हाचं मळणी यंत्र काड्यांचा मुद्दाम चुरा करतं, कारण तिथल्या जनावरांना भुसाच हवा असतो. कोकणातल्या शेतकऱ्याला मात्र लांब पेंढा हवा. तो बांधून रचून ठेवता येतो आणि वर्षभर गुरांना पुरतो. एका भागात ज्याला यंत्राचा गुण म्हणतात तो दुसऱ्या भागात दोष ठरतो.

आता खरी गोम. माणूस पायांनी बराच वेळ सतत काम करतो तेव्हा त्याच्याकडून पाऊणशे वॉटच्या आसपासच शक्ती मिळते. शिवाय फळी खाली जाताना जोर मिळतो, वर येताना मिळत नाही. मधला वेळ ड्रमनं आपल्या गतीवर काढायचा, कुंभाराचं चाक काढतं तसा. त्यासाठी ड्रम जड हवा. पण हेच यंत्र बांधावरून, पाणंदीतून, पऱ्ह्याच्या पलीकडे दोघांनी उचलून न्यायचं असतं, म्हणजे ते हलकं हवं. या पेचातून वाट दाखवतं ते भौतिकशास्त्र. फिरत्या वस्तूचं जडत्व वस्तुमानाबरोबर वाढतंच, पण आसापासूनच्या अंतराच्या वर्गानंही वाढतं. म्हणून लोखंड आसाजवळ भरण्यापेक्षा तेवढंच ड्रमच्या दोन्ही टोकांच्या गोल रिंगांत, परिघावर ठेवलं तर कमी वजनात ड्रम जास्त वेळ फिरता राहतो. गावातल्या वर्कशॉपवाल्याला हे चित्र काढून समजावलं तर लोखंडाचे पैसेही वाचतात.

पायफळीची उंचीही अशीच. फळी जितकी वर तितका गुडघा वर येतो, आणि दिवसभरात हा फरक हजारो वेळा सोसावा लागतो. पुरुषाच्या मापाचं यंत्र बाईला दिलं की ती टाचेऐवजी चवड्यानं दाबते आणि पोटरी भरून येते. साडीचा पदर किंवा ओढणी दातेरी चाकात जाऊ नये म्हणून पत्र्याचं झाकण हवं. पैसे वाचवायला सगळ्यात आधी काढून टाकतात ते हेच झाकण, आणि मला याचा मनापासून राग येतो.

नाचणीचं कोडं वेगळं आहे. भाताचे हजार दाणे 20-25 ग्रॅम भरतात, नाचणीचे जेमतेम तीन. दाणा इतका हलका की कडीचा फटका बसला तरी तो देठापासून उडून जायला पुरेसं जडत्व त्याच्यात नसतं, कणसाबरोबर तोही मागं ढकलला जातो. म्हणून तिथं आपटण्यापेक्षा चोळणं उपयोगी पडतं, आणि डोंगराळ भागात पूर्वापार काठीनं बडवून झाल्यावर कणसं पायांखाली रगडतात ती त्यासाठीच. अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी अनुसंधान संस्थेनं नाचणीसाठी, म्हणजे तिकडच्या मंडुव्यासाठी, छोटं मळणी यंत्र बनवलं आहे. मक्याला तर याहून सोपा उपाय आहे: पाइपचा वीतभरही नसलेला तुकडा, आतून चार निमुळत्या पट्ट्या. कणीस घालून पिळलं की दाणे सुटतात. यात बिघडण्यासारखं काही नाहीच.

इंजिन किंवा मोटर आली की प्रश्न बोटांवर येतो. हरितक्रांतीच्या काळात उत्तर भारतात गव्हाची यंत्रं झपाट्यानं पसरली आणि पेंढी आत ढकलताना मजुरांचे हात ड्रममध्ये जाऊ लागले. अपघात इतके झाले की संसदेला 1983 मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला, आणि त्यात शक्तिचलित मळणी यंत्राचा नावानिशी समावेश आहे. भारतीय मानकातला उपाय साधा आहे: पेंढी टाकायची पन्हाळ किमान 90 सेंटिमीटर लांब आणि ड्रमकडची 45 सेंटिमीटर वरून झाकलेली. एवढ्या अंतरातून हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. खर्च पत्र्याच्या एका तुकड्याचा.

स्वस्त यंत्र पसरतं कसं याचा चांगला धडा फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं दिला. तिच्या अभियंत्यांनी 1970 च्या दशकात असं यंत्र बनवलं की ज्यात पीक एका टोकाकडून शिरतं, ड्रमभोवती मळसूत्रासारखे फेरे घेतं आणि दुसऱ्या टोकाला पेंढा बाहेर पडतो. संस्थेनं आराखडे छोट्या कारखानदारांना मोफत दिले. थायलंडमधल्या कारखानदारांनी ते मोठं करून घेतलं, आणि 1990 च्या दशकात सेनेगलमध्ये त्यावरून एएसआय नावाचं यंत्र तयार झालं. तिथल्या लोहारांना आणि शेतकऱ्यांना सुरुवातीपासून सोबत घेऊन ते घडवलं होतं. बेअरिंग गेलं तर ते बदलणारा माणूस तालुक्यातच असणं ही किमतीइतकीच मोठी बाब आहे.

यंत्र आलं की कोणाची तरी मजुरी जाते, हेही आधीच बोललं पाहिजे. जपानमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस दातेरी फणीसारखं मळणीचं अवजार आलं तेव्हा मजुरीवर जगणाऱ्या विधवांचं काम गेलं, आणि लोकांनी त्याला ‘विधवांना आडवं पाडणारं’ असं नाव दिलं. इंग्लंडमध्ये 1830 साली केंट परगण्यातल्या शेतमजुरांनी मळणी यंत्रं फोडायला सुरुवात केली, कारण हिवाळ्यातली त्यांची रोजी त्या यंत्रांनी खाल्ली होती. म्हणून यंत्र एकट्या मोठ्या शेतकऱ्यानं घेण्यापेक्षा झोडणी करणाऱ्या बायकांच्याच बचत गटानं घ्यावं आणि भाड्यानं चालवावं, असं मला वाटतं. मळणीचा हंगाम काही आठवड्यांचा. एका घराला ते यंत्र वर्षभर पोसणं परवडत नाही, गटाला भाड्यातून परवडू शकतं. आणि खरेदीला जाताना गटातल्या सगळ्यात बुटक्या बाईला पायफळीवर उभं करून बघावं, झाकण उघडून बघावं, मोटरचं यंत्र असेल तर टेप लावून पन्हाळ मोजून घ्यावी.