राईल्स ट्यूब आणि सिस्टरांचं काम

गिळता न येणाऱ्या रुग्णाच्या नाकातून पोटात गेलेली राईल्स ट्यूब आता घराघरांत पोचली आहे. पक्षाघात, पार्किन्सन, घशाचा कर्करोग अशी कारणं वेगवेगळी. ही नळी मुळात अन्न देण्यासाठी नव्हतीच. लंडनच्या गाइज हॉस्पिटलचे जॉन राईल यांनी १९२१ च्या सुमारास ती जठररस थोडा थोडा काढून तपासण्यासाठी वापरात आणली.

नळीने भरवण्याची धडपड मात्र जुनी. १७९० मध्ये जॉन हंटर यांनी ईल माशाच्या कातडीची नळी करून घसा लुळा पडलेल्या माणसाच्या पोटात अन्न पोचवलं. पुढे १९७९ मध्ये क्लीव्हलंडला गॉडरर आणि पॉन्स्की यांनी एका तान्ह्या बाळाच्या जठरात दुर्बिणीच्या मदतीने, पोट न उघडता थेट नळी बसवली. तीच ‘पेग’.

इतिहासात नोंद होते ती नळी बसवणाऱ्यांची. रुग्ण जगतो तो त्यानंतरच्या रोजच्या कामावर, आणि ते काम परिचारिकांचं. नळीतून हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचा आणि गुडगुड ऐकायची, ही नळीची जागा तपासण्याची जुनी रीत. ती फसवी आहे, कारण नळी फुप्फुसात गेलेली असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. ब्रिटनमध्ये २००५ साली या पद्धतीवर विसंबू नका, असा अधिकृत इशारा निघाला. नळीतून बाहेर ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ किंवा त्याखाली आहे का ते पाहणं, शंका असल्यास एक्स-रे काढणं, ही खात्रीची वाट. दर फीडच्या वेळी उशाकडची बाजू किमान ३० अंश वर, आधी-नंतर पाण्याने नळी धुणं आणि तोंडाने खात नसला तरी रुग्णाचं तोंड रोज स्वच्छ करणं, हेही तितकंच महत्त्वाचं.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग १९७३ मध्ये तिथेच झालेल्या हल्ल्यात मेंदूला इजा होऊन कायमच्या अंथरुणाला खिळल्या. तेव्हापासून त्यांना तिथल्या परिचारिकांनीच सांभाळलं. बरीच वर्षं परिचारिका त्यांना तोंडानेच भरवत. सप्टेंबर २०१० मध्ये अरुणा यांना ताप आला, खाणं कमी झालं, तेव्हा राईल्स ट्यूब घालावी लागली. इतक्या वर्षांत अंगावर एकही बेडसोर नव्हता, याची दखल त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरील २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घेतली. माझ्या मते भारतीय नर्सिंगच्या इतिहासात याहून मोठी नोंद क्वचितच असेल.

आता असे कितीतरी रुग्ण नळीसकट घरी पाठवले जातात. सिस्टरांचं हे काम बायको, मुलगी, सून यांच्याकडे येतं, तेही बहुधा डिस्चार्जच्या धांदलीत दिलेल्या चार सूचनांवर. म्हणून घरी नेण्याआधी दोन-तीन फीड सिस्टरांसमोर स्वतःच्या हाताने देऊन बघण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरावा.