धुराड्याऐवजी भिंतीतली नळी

थंड प्रदेशातील घरात जुनी गॅस फर्नेस, म्हणजे घर उबदार ठेवण्यासाठी हवा तापवणारी भट्टी, काढून नवी बसवली, की धुराडे तसेच राहते आणि बाहेरच्या भिंतीला भोक पाडून त्यातून चक्क प्लास्टिकची नळी बाहेर काढली जाते. ही पैसे वाचवण्यासाठी केलेली धोकादायक तडजोड आहे, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक नव्या यंत्राने जवळपास सगळी उष्णता घरातच ठेवल्यामुळे प्लास्टिक चालते.

नैसर्गिक वायूतील मुख्य घटक असलेल्या मिथेनचे 16 ग्रॅम जळले, की 36 ग्रॅम पाणी तयार होते, म्हणजे इंधनाच्या वजनाच्या सव्वादोन पट. जुन्या फर्नेसमध्ये ते वाफ होऊन धुराड्यातून जाते आणि इंधनातील सुमारे 10 टक्के ऊर्जा सुप्त उष्णतेच्या (पाण्याला वाफेच्या रूपात ठेवणाऱ्या उष्णतेच्या) रूपाने बरोबर नेते. नव्या फर्नेसमध्ये उष्णता काढून घेणारा दुसरा टप्पा असतो. खोल्यांतून परतणारी गार हवा त्यावरून वाहते, आतील वायू सुमारे 55 अंश सेल्सिअसच्या दवबिंदूखाली उतरतात, वाफेचे पाणी होते आणि सुप्त उष्णता घराला मिळते. (काही बॉयलरच्या जाहिरातींत कार्यक्षमता शंभर टक्क्यांहून अधिक दिसते, कारण इंधनाची ऊर्जा मोजताना ही सुप्त उष्णता वगळून मग मिळकतीत मात्र धरलेली असते. ऊर्जा शून्यातून येत नाही.)

आता केवळ तापमानाचा हिशेब केला, तर जुन्या फर्नेससारखा 200 अंशांचा वायू बाहेरच्या शून्य अंशाच्या हवेपेक्षा सुमारे 42 टक्के हलका असतो, नव्या फर्नेसमधला 45 अंशांचा जेमतेम 14 टक्के. धुराड्यातून आपोआप वर चढण्याइतका भरवशाचा जोर त्याच्यात उरत नाही, म्हणून पंख्याने ढकलावे लागते. आणि पंखाच लावायचा, तर जवळची भिंत सोयीची. नळीला उतार मात्र फर्नेसकडे देतात, कारण तिच्यात साचणारे पाणी विरघळलेल्या वायूंमुळे आम्लधर्मी असते आणि ते आतल्या निचऱ्यातूनच जायला हवे. बाहेरचे तोंड बर्फाच्या थराच्या वर आणि खिडक्यांपासून दूर असावे लागते.

पाणी तापवण्याची जुनी गॅस टाकी मात्र पुष्कळदा त्याच धुराड्याला जोडलेली राहते. तिच्या एकटीच्या धुराला ते फार रुंद पडते. धूर वाटेतच गार होतो, विटांमध्ये पाणी मुरते आणि कधी कार्बन मोनॉक्साईडसह तो उलटा घरात येतो. म्हणून फर्नेस बदलतानाच धुराड्यात कमी व्यासाची धातूची नळी सोडून घ्यावी लागते.