नखं कापली म्हणून कुर्बानी बाद होत नाही

जिलहिज्जचा, म्हणजे बकरी ईदच्या महिन्याचा, चाँद दिसल्यावर केस-नखं कापली की कुर्बानी बाद, हा समज चुकीचा. ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात पैगंबरांच्या पत्नी उम्मे सलमा यांनी सांगितलेल्या हदीसनुसार (पैगंबरांच्या वचनानुसार) कुर्बानीचा इरादा असलेल्याने जनावर जबह होईपर्यंत ती कापू नयेत. सुन्नी विधिपंथांपैकी हनफींकडे हे पाळणं मुस्तहब (चांगलं, पण सक्तीचं नाही), शाफईंकडे कापणं मकरूह (नापसंत), हंबलींच्या प्रचलित मतानुसार हराम (निषिद्ध). तरीही कापली तर कुर्बानी होतेच, फिदियाही (भरपाईही) नाही. अत्तराची मनाई एहराममधली, म्हणजे हज-उमराच्या यात्रेतल्या बंधनाच्या अवस्थेतली. ती इथे उगाच चिकटवली जाते. अंघोळ करा, कंगवा फिरवा. तुटून दुखणारं नख खुशाल काढा.

खरी अडचण 40 दिवसांची: नखं, काखेतले आणि नाभीखालचे केस त्याहून जास्त ठेवू नयेत. म्हणून 29 जिलकदच्या (जिलहिज्जच्या आधीच्या महिन्यातल्या) मगरिबआधीच, म्हणजे सूर्यास्ताआधीच, सगळं उरकून घ्या.