दुःख की डिप्रेशन? कारण विचारून कळत नाही

एकाच आईच्या दोन मुली आहेत असं समजू. आई जाऊन तीन महिने झालेत. थोरलीचे डोळे अजून सारखे भरून येतात. कपाट आवरताना आईचा चष्मा सापडला की ती तिथेच बसून रडते. फोनमध्ये राहिलेला आईचा आवाज ऐकते आणि पुन्हा रडते. धाकटीला मात्र रडताना कुणी पाहिलेलं नाही. ती कामावर जाते, कुणी विचारलं तर "मी ठीक आहे" म्हणते आणि विषय बदलते. घरातले सगळे थोरलीच्या काळजीत आहेत. धाकटीचा विषय निघाला की म्हणतात, "तिने मात्र स्वतःला छान सावरलं."

आता जरा जवळून पाहू. थोरली रडून मोकळी झाली की तोंड धुते आणि दोन घास जेवते. तिचा मुलगा काही वेडंवाकडं बोलला तर खुदकन हसते, आणि मग आपण हसलो म्हणून तिला पुन्हा भरून येतं. जुनी मैत्रीण भेटायला येणार आहे, त्या दिवसाची ती वाट पाहते आहे.

धाकटीला रोज पहाटे साडेतीनला जाग येते. पुन्हा झोप लागत नाही. अंगावर ओझं ठेवल्यासारखी ती पडून राहते. गाणी ऐकणं बंद झालंय. मनाई कुणाचीच नाही, पण ऐकून आत काही हलतच नाही. चार ओळींचं पत्र लिहायला तिला तास लागतो. आणि डोक्यात एकच चक्र: मी आईला आधी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, मी कधीच कुणाच्या उपयोगी पडले नाही, मी नसते तरी कुणाचं काही अडलं नसतं.

थोरली दुःखात आहे. धाकटीला डिप्रेशन असण्याची दाट शक्यता आहे, आणि डॉक्टरांकडे जायची गरज तिला आहे. दोघींचं कारण मात्र एकच आहे.

म्हणूनच मला वाटतं की आपण पहिला प्रश्नच चुकीचा विचारतो. कुणी खचलेलं दिसलं की आपण विचारतो, "असं झालं तरी काय?" कारण सापडलं तर म्हणतो, "साहजिक आहे, काळ जाऊ दे." नाही सापडलं तर म्हणतो, "सगळं तर आहे तुझ्याकडे, मग रडायचं कशाला?" दोन्ही उत्तरांचा परिणाम सारखाच: उपचार लांबतात. डिप्रेशन नोकरी गेल्यावर येतं, बाळंतपणानंतर येतं, लांबलेल्या आजारपणात येतं, आणि सगळं सुरळीत चालू असतानाही येतं. पायरीवरून घसरून हाड मोडलं, तर घसरण्याचं कारण माहीत आहे म्हणून कुणी प्लास्टर टाळत नाही.

हा गोंधळ फक्त घरोघरचा नाही, डॉक्टरांच्या पुस्तकातही तो होता. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदान-नियमावली जगभर वापरली जाते. तिच्या १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत अशी तरतूद होती की जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत, लक्षणं फार तीव्र नसतील तर, डिप्रेशनचं निदान करू नये. घटस्फोट झाला, नोकरी गेली, तर मात्र अशी सूट नव्हती. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ही तरतूद काढून टाकली. त्यावर बरीच टीका झाली: माणसाच्या नैसर्गिक शोकालाही आता आजार म्हणणार का? ही भीती खोटी नाही. थोरलीच्या हातात गोळ्यांची पाकिटं देणं चूकच ठरेल. तिला हवी आहेत आईबद्दल तेच तेच बोलणं कंटाळा न करता ऐकणारी माणसं. पण मृत्यू घडलाय एवढ्याच कारणावरून धाकटीला उपचारापासून दूर ठेवणं ही त्याहून मोठी चूक आहे, असं माझं ठाम मत आहे.

मग फरक ओळखायचा कसा?

दुःख लाटांसारखं येतं. आठवण निघाली, वाढदिवस आला, ओळखीचा वास आला की लाट उसळते, माणसाला पार भिजवते आणि ओसरते. दोन लाटांच्या मध्ये श्वास घ्यायला जागा असते, आणि दिवस जातात तशी ती जागा वाढत जाते. डिप्रेशनमध्ये ओहोटीच येत नाही. बहुतेक दिवसभर, जवळजवळ रोज, तोच करडेपणा. अनेकांना सकाळ सर्वांत जड जाते आणि संध्याकाळी थोडं हलकं वाटतं. त्या हलकेपणावर विसंबून ते रोज रात्री ठरवतात की उद्यापासून सगळं ठीक करायचं, आणि सकाळ पुन्हा तशीच उजाडते.

दुसरा फरक आनंदाचा. दुःखी माणूस हसू शकतो. त्याच्या जिवलगाने खांद्यावर हात ठेवला तर तो हात त्याला जाणवतो. डिप्रेशनमध्ये आनंद घेण्याची क्षमताच मालवते. आवडती वस्तू, आवडतं माणूस समोर असतं आणि आत काहीच उमटत नाही. पुष्कळ जण "मला वाईट वाटतं" असं म्हणतही नाहीत. ते म्हणतात, "काही वाटतच नाही." रडू येत नाही याचा अर्थ मन घट्ट झालंय असा लावू नका, कधी कधी रडण्याइतकंही त्राण उरलेलं नसतं.

तिसरा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुःखात मन गेलेल्या माणसाकडे वळलेलं असतं, डिप्रेशनमध्ये ते स्वतःवर उलटतं. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात हे नेमकं टिपलं होतं: शोकात जग ओसाड वाटतं, विषादात, म्हणजे आजच्या भाषेत डिप्रेशनमध्ये, माणूस स्वतःच स्वतःला ओसाड वाटतो. त्याच्या बाकीच्या मतांचं काहीही होवो, हे निरीक्षण आजही कामाचं आहे. "आई, तू असायला हवी होतीस" हे दुःखाचं वाक्य. "मी नसायला हवी होते" हे डिप्रेशनचं. शोकातही माणसाला मरणाचे विचार येतात, पण ते बहुधा गेलेल्याला पुन्हा भेटण्याच्या ओढीचे असतात. डिप्रेशनमधला विचार सांगतो की मी जगण्याच्या लायकीचा नाही, किंवा हे सहन करणं आता शक्य नाही. अर्थात ही रेघ पुसट आहे. तिच्या भरवशावर मरणाची कुठलीच भाषा कानाआड करू नये.

एकाच माणसात दोन्ही असू शकतात, हेही सांगायला हवं. दुःखाच्या पाठोपाठ डिप्रेशन येतं आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. अशा वेळी घरच्यांनी निवाडा करत बसू नये, तो डॉक्टरांवर सोडावा.

डॉक्टर नऊ लक्षणं पाहतात: मन उदास असणं, कशातच रस न वाटणं, भूक किंवा वजन कमी किंवा जास्त होणं, झोप उडणं किंवा अती येणं, हालचाल मंदावणं किंवा उलट अस्वस्थ येरझाऱ्या, थकवा, आपण निकामी किंवा अपराधी आहोत असं वाटणं, लक्ष न लागणं किंवा साधे निर्णयही न घेता येणं, आणि मरणाचे विचार. यातली किमान पाच किमान दोन आठवडे टिकली, त्यात पहिल्या दोनांपैकी एक तरी असलं आणि त्यामुळे रोजचं जगणं अडू लागलं, तर डिप्रेशनचं निदान होऊ शकतं. यादी सोपी दिसते, पण डिप्रेशन नेहमी उदास चेहऱ्याने येत नाही. पुरुषांमध्ये आणि किशोरवयीन मुलांमध्ये ते पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात दिसतं. कुणाचं पिणं वाढतं. कुणाची डोकेदुखी, पाठदुखी, पोटाच्या तक्रारी संपता संपत नाहीत आणि तपासण्यांत काही सापडत नाही. म्हाताऱ्या माणसांमध्ये विसरभोळेपणा वाढतो आणि घरचे समजतात की हे वयामुळेच.

स्वतःची चाचपणी करायची असेल तर 'पीएचक्यू-नऊ' नावाची प्रश्नावली आहे. २००१ पासून ती वापरात आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांना भेटावं. हे निदान नाही, चाळणी आहे. शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याऐवजी काहीही आलं तर बेरीज कितीही कमी असो, त्याबद्दल कुणाशी तरी बोलायलाच हवं.

कधी जायचं?

दोन आठवडे सरले, आणि काम, झोप, जेवण, माणसांत मिसळणं यांतलं काही कोलमडायला लागलं, तर जावं. "खरंच डिप्रेशन आहे की नाही" याची खात्री पटेपर्यंत थांबू नये. ती खात्री करणं हे डॉक्टरांचं काम. आधी एकदा डिप्रेशन येऊन गेलं असेल तर दोन आठवडेही मोजत बसू नका, कारण ते परत येण्याची शक्यता बरीच असते. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणं, मन हळवं होणं अगदी सर्रास असतं आणि दोनेक आठवड्यांत निवळतं. त्यापुढे राहिलं किंवा वाढत गेलं तर जावं.

काही वेळा मात्र एक दिवसही थांबायचं नसतं. जीव द्यायचे विचार येताहेत, त्याची पद्धत ठरवली आहे, निरवानिरवीची भाषा सुरू झाली आहे, खाणंपिणं सुटलंय, नसलेले आवाज ऐकू येताहेत: यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी तातडीच्या विभागात न्यावं. तोपर्यंत त्या माणसाला एकटं सोडू नये, आणि औषधांचे साठे, कीटकनाशकं, हत्यारं घरातून हलवावीत. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जात नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला सुटल्यासारखं वाटतं.

आणि दुःखही कधी अडकून पडतं. वर्ष उलटलं तरी गेलेल्या माणसाची ओढ रोज तितकीच तीव्र, ते गेलं हे पटतच नाही, आयुष्य त्या तारखेपाशी थांबलेलं. २०२२ पासून अमेरिकन नियमावलीत याला वेगळं नाव आहे, लांबलेला शोक, आणि त्यासाठी त्यात १२ महिन्यांची मुदत धरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ती ६ महिन्यांची आहे. हे डिप्रेशन नाही. त्यासाठीच आखलेली बोलण्याची वेगळी उपचारपद्धत आहे.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय होतं, याची भीती पुष्कळांना अडवते, म्हणून थोडक्यात सांगते. सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून केली तरी चालते. थायरॉईड, रक्तातलं लोह, बी-१२ यांच्या तपासण्या होऊ शकतात, कारण त्यांची कमतरताही माणसाला असंच मरगळून टाकते. आधीपासून चालू असलेली औषधं सांगावीत. पूर्वी कधी काही दिवस झोप न घेताही उत्साहाचं उधाण आलं होतं, पैसे उधळले होते असं असेल तर ते आवर्जून सांगावं. तो बायपोलर आजार असू शकतो आणि त्याची औषधं वेगळी. सौम्य डिप्रेशनमध्ये पुष्कळदा समुपदेशन पुरतं. मध्यम किंवा तीव्र असेल तर गोळ्या, आणि जमल्यास दोन्ही एकत्र.

गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळीसारखे त्रास त्याआधी जाणवतात. "उपयोग नाही" म्हणून लोक नेमक्या याच टप्प्यावर गोळ्या सोडतात. पंचविशीच्या आतल्यांवर सुरुवातीचे आठवडे घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावं, कारण काहींमध्ये या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने गोळ्या चालू ठेवतात, मग हळूहळू कमी करतात. दारूची लागते तशी चटक या गोळ्यांची लागत नाही. एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी येते, म्हणून त्या डॉक्टरांच्या सांगण्यानेच उतरवायच्या.

यातलं अर्धंअधिक ज्याला कळायला हवं, त्याच्या अंगात हे वाचण्याचं बळ नसतं. फोन करणं, वेळ घेणं, कपडे बदलून बाहेर पडणं, नेमकं हेच डिप्रेशन अशक्य करून ठेवतं. म्हणून पहिलं पाऊल बहुधा दुसऱ्या कुणाला उचलावं लागतं. "ठीक आहेस ना?" असं विचारलं तर "हो" हेच उत्तर येणार. नेमकं काहीतरी विचारावं.

थोरलीने एका संध्याकाळी धाकटीजवळ बसून विचारलं, "रात्री झोप लागते का गं तुला?"

"लागते. साडेतीनला जाग येते."

"रोज?"

"रोज, ताई."

"मी उद्याची वेळ घेते डॉक्टरांची. तू फक्त तयार होऊन बस, मी न्यायला येते."