व्यसनमुक्ती सेवांचा अर्थपुरवठा (इंदूर आणि ग्रामीण माळवा)

दारू, अफू, गांजा यांच्या व्यसनावरील उपचार आणि नंतरचा पाठपुरावा यांसाठी पैसा उभा करण्याची व्यवस्था. इंदुरात शासकीय मानसिक रुग्णालय आणि महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे. सांवेर, देपालपूर किंवा पलीकडच्या धार-झाबुआकडच्या रुग्णाला मात्र तिथवर पोहोचण्याचाच खर्च आधी करावा लागतो.

मुख्य पैसा केंद्राचा. सामाजिक न्याय मंत्रालय स्वयंसेवी संस्थांच्या निवासी केंद्रांना आणि शासकीय रुग्णालयांतील उपचार कक्षांना अनुदान देते. २०२० मध्ये २७२ जिल्ह्यांत सुरू झालेल्या नशामुक्त भारत अभियानाचा भर प्रामुख्याने जनजागृतीवर आहे. अमली पदार्थविरोधी कायद्यात (१९८५) आणखी एक राष्ट्रीय निधी आहे. तस्करांच्या जप्त मालमत्तेच्या विक्रीचा पैसा त्यात जातो आणि तो उपचारांवरही खर्च करता येतो. मंदसौर-नीमचच्या परवान्याच्या अफूमुळे माळव्यात अफूची चर्चा फार होते. गावातले मोठे ओझे मात्र दारूचेच. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळाले होते.

दारूवरील कर, म्हणजे इकडची ‘आबकारी’, राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. तिथून उपचारांसाठी पैसा काढायचा तर रस्ते-शाळांशी स्पर्धा आलीच.

खरी उणीव खाटांच्या पलीकडची आहे. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, पण ते भरती झाल्यावर. बाह्यरुग्ण तपासणी त्यात बसत नाही. आणि व्यसन पुन्हा उसळते ते घरी परतल्यावर. दर पंधरवड्याला इंदूर गाठायचे तर बसभाडे, रुग्णाची बुडालेली मजुरी, सोबत आलेल्या बायकोचा किंवा भावाचा रोज. सोयाबीनच्या कापणीत तर कोणी येतच नाही. ही गळती कुठल्याच अनुदानाच्या हिशेबात दिसत नाही.

महाराष्ट्रात यावर निरनिराळे मार्ग निघाले. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र (१९८६) पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून उभे राहिले. गडचिरोलीतील ‘मुक्तिपथ’ या दारू-तंबाखूविरोधी अभियानाने शासन, टाटा ट्रस्ट आणि ‘सर्च’ ही तिथली स्वयंसेवी संस्था यांना एकत्र आणून थेट गावात काम नेले. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचे, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेले, गट बाहेरची आर्थिक मदत घेतच नाहीत, सदस्यांच्या स्वेच्छेच्या पैशावर चालतात. गावात असा गट चालवायला एक खोली पुरते. मात्र जुन्या पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. तेव्हा रुग्णालय लागतेच, आणि तिथवर न्यायला गाडीही.