वाचायचे राहिलेले पुस्तक

वाचण्याच्या खऱ्या इराद्याने मिळवलेले, हाताशी असलेले आणि तरीही ‘सवडीने वाचू’ म्हणत वर्षानुवर्षे मागे पडत गेलेले पुस्तक. दिवाणखान्याच्या शोभेसाठी घेतलेले जाडजूड संच यात मोडत नाहीत. ते वाचायचे कधी ठरलेलेच नव्हते. अडल्यावर उघडायचा शब्दकोशही नाही. कंटाळून अर्ध्यात टाकलेल्या पुस्तकाची गोष्ट आणखी निराळी. त्याचा निकाल लागलेला असतो. राहिलेल्या पुस्तकाचा खटला मात्र चालूच असतो, फक्त तारीख पुढे ढकललेली असते.

मराठीत या वस्तूला एकशब्दी नाव नाही. लोक बोलताना ‘ते वाचायचं राहिलंय’ एवढेच म्हणतात. ही वाक्यरचना लक्षात घेण्याजोगी आहे. ‘मी वाचले नाही’ म्हटले की कबुली होते; ‘वाचायचे राहिले’ म्हटले की दूध आणायचे राहिले किंवा बिल भरायचे राहिले, त्या रांगेत पुस्तक जाऊन बसते आणि वाचणारा वाक्यातून अलगद बाहेर पडतो.

जपानी भाषेत मात्र नाव आहे : त्सुंदोकु. ‘त्सुंदे ओकु’ म्हणजे रचून ठेवून देणे आणि ‘दोकु’ म्हणजे वाचन, या दोहोंची ती कोटी आहे. ‘मोकुदोकु’ म्हणजे मनात वाचणे, ‘सेइदोकु’ म्हणजे बारकाईने वाचणे, ‘रान्दोकु’ म्हणजे हाती लागेल ते वाचणे. त्याच चालीवर, वाचनाचा आणखी एक रीतसर प्रकार असावा अशा थाटात, ‘त्सुंदोकु’ म्हणजे रचून ठेवणे. शब्द मेजी काळातला (१८६८–१९१२). १८७९ च्या एका मजकुरात ‘त्सुंदोकु सेन्सेइ’ असा उल्लेख सापडतो, म्हणजे पुष्कळ पुस्तके बाळगून ती न वाचणारे गुरुजी. चेष्टा आहे, पण विखारी नाही. अलीकडे हा शब्द जगभर पसरला त्याचे कारणही तेच असावे. दुखणे तेच, फक्त नाव ऐकायला बरे.

दुखणे जुने आहे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच, ज्यांच्या मालकाला जन्मभरात नुसत्या याद्यासुद्धा वाचून होत नाहीत अशी ग्रंथालये काय कामाची, असा सवाल केला होता. आपल्याकडे चाणक्याच्या नावावर चालणारे सुभाषित ‘पुस्तकस्था तु या विद्या परहस्तगतं धनम्’ असे सुरू होते आणि पोथीत राहिलेली विद्या व दुसऱ्याच्या हाती गेलेले धन ऐन वेळी उपयोगी पडत नाही, असे बजावते. हस्तलिखितांच्या अखेरीस लेखनिक जो श्लोक घालत, त्यात पुस्तक स्वतःच बोलते : तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. न वाचता ठेवू नका, असे ते म्हणत नाही. तेव्हा पोथी हाताने उतरवून घ्यावी लागे, आणि उतरवणाऱ्याची नजर तरी प्रत्येक अक्षरावरून फिरलेली असे. मिळवणे आणि वाचणे यांची फारकत खरी झाली ती छपाईने. पुस्तक स्वस्त झाले, सवड झाली नाही.

मराठी घरातल्या कपाटात या प्रकारचा मुकुटमणी शोधायचा तर तो बहुधा लोकमान्य टिळकांचा ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ ठरेल. टिळकांनी तो मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिला; मजकूर संपवायला त्यांना जेमतेम पाच महिने लागले. १९१५ साली तो छापून आला. तेव्हापासून आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलाकडे तो वारसाहक्काने येतो, घर बदलताना आधी बांधला जातो, आणि जुन्या प्रतींत पेन्सिलीच्या खुणा पुष्कळदा पहिल्याच प्रकरणात संपतात. त्या प्रकरणाचे नाव ‘विषयप्रवेश’ आहे. दोष ग्रंथाचा म्हणता येणार नाही. पंधरा प्रकरणे, परिशिष्ट, मग मूळ गीता, भाषांतर आणि टीपा, जागोजागी संस्कृत अवतरणे. हे वाचायला रोज ठरलेली बैठक हवी, आणि तुरुंगात नसलेल्या माणसाला तीच मिळत नाही.

ज्ञानेश्वरीचे प्रकरण जरा वेगळे. १२९० सालचा हा ग्रंथ, अठरा अध्याय, सुमारे ९,००० ओव्या आणि तेराव्या शतकातली भाषा. अर्थासह छापलेल्या ‘सार्थ’ प्रती म्हणूनच घेतल्या जातात. वाचणारा वर ओवी, खाली अर्थ, पुन्हा वर ओवी असा चढउतार करत थकतो आणि ‘निवृत्त झाल्यावर नीट वाचू’ या ठरावाने ग्रंथ देवघराजवळ जातो. एकदा तिथे गेला की त्याला रोज हळदकुंकू मिळते, वाचक मिळत नाही. दसऱ्याला सरस्वतीपूजनात पाटावर मांडलेल्या पुस्तकांकडे नीट पाहिले, तर त्यांतली किती गेल्या दसऱ्यानंतर उघडली गेली हे घरातल्यांना ठाऊक असते. कोणी बोलत नाही. ज्ञानेश्वरीपुरती एक सवलत मात्र संतांनीच देऊन ठेवली आहे. ‘नामा म्हणे ग्रंथ श्रेष्ठ ज्ञानदेवी । एक तरी ओवी अनुभवावी’ असे नामदेव म्हणतात. या चरणाचा आधार आळशी वाचकाने जितका घेतला तितका बहुधा साधकानेही घेतला नसेल.

बहुखंडी प्रकाशनांनी या यादीत मोठी भर घातली. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा पुरा होईपर्यंत जवळजवळ चार दशके लोटली. ज्यांनी पहिला खंड हौसेने घेतला त्यांच्यापैकी अनेकांच्या नातवंडांनी शेवटचा पाहिला. संच विकण्याची मराठी प्रकाशकांची खास रीत म्हणजे पूर्वप्रकाशन सवलत. पैसे आज भरायचे, ग्रंथ छापून झाला की घरी येणार. यात उत्सुकतेचा भर पैसे भरण्याच्या दिवशी असतो. ग्रंथ दारात येतो तोवर वाचकाची आवड, नोकरी, कधी गावही बदललेले असते. मग पहिल्या पानावर नाव आणि खरेदीची तारीख घालून तो कपाटात जातो. ही तारीख घालण्याची सवय मराठी वाचकांत बरीच रुजलेली आहे. वाचून झाल्याची तारीख घालणारे त्यामानाने फार थोडे.

दिवाळी अंकांचे राहणे हंगामी असते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही प्रथा चालत आली. अंक फराळाबरोबर घरात येतो, त्यातल्या एखाद-दुसऱ्या कथेचे आणि राशिभविष्याचे वाचन होते आणि उरलेला मजकूर ‘नाताळच्या सुट्टीत’, मग ‘मे महिन्यात’ असा सरकत पुढच्या आश्विनापर्यंत पोचतो. नवे अंक आले की जुन्यांची रवानगी पोटमाळ्यावर.

असे का होते? शोपेनहॉवर या जर्मन तत्त्वज्ञाचे म्हणणे असे, की पुस्तकाबरोबर ते वाचायचा वेळही विकत मिळाला असता तर उत्तम झाले असते, पण माणूस पुस्तक घेतले म्हणजे त्यातला मजकूरही आपला झाला अशी गल्लत करतो. हे पटण्यासारखे आहे. पुस्तक घेताना जे समाधान मिळते ते वाचल्याच्या समाधानातूनच आगाऊ उचललेले असते. घरी आल्यावर उरते ते केवळ काम. दुसरा धागा आजच्या आणि उद्याच्या ‘मी’मधल्या भांडणाचा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑस्ट्रेलियातल्या घरपोच डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या सेवेच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा पाहायला हवेत असे वाटणारे गंभीर चित्रपट आणि माहितीपट लोक जास्त दिवस घरात ठेवून घेतात, मारधाडीचे मात्र लवकर पाहून परत करतात, असे आढळले. यादी करणारा माणूस नेहमी रविवारच्या सकाळचा असतो आणि पाहणारा बुधवारच्या रात्रीचा. पुस्तकांनाही हेच लागू पडते. प्रदर्शनातल्या मांडवात सामाजिक इतिहासाचा पाचशे पानी ग्रंथ घेणारा आणि रात्री साडेदहाला मोबाइल हातात घेऊन आडवा होणारा, दोघांची सही एकच असते.

किती वाचले जाते, याचा गमतीदार अंदाज अमेरिकी गणितज्ञ जॉर्डन एलनबर्ग यांनी २०१४ मध्ये बांधला. किंडल या ई-पुस्तके वाचण्याच्या उपकरणावर वाचकांनी सर्वाधिक वेळा अधोरेखित केलेले पाच उतारे घ्यायचे, त्यांच्या पृष्ठक्रमांकांची सरासरी काढायची आणि एकूण पानांशी ती ताडून पाहायची. लोक शेवटपर्यंत पोचत असतील तर उतारे पुस्तकभर विखुरलेले असतील. नसतील तर सगळे आरंभी गोळा होतील. स्टीफन हॉकिंग यांचे १९८८ मध्ये आलेले काळाच्या इतिहासावरचे पुस्तक विकूनही न वाचले जाण्याबद्दल प्रसिद्ध, म्हणून या मोजमापाला त्यांचेच नाव मिळाले. त्या पुस्तकाचा आकडा ६.६ टक्के निघाला. फ्रेंच अर्थतज्ज्ञ टोमा पिकेटी यांच्या भांडवलावरच्या ग्रंथाने २.४ टक्क्यांवर येऊन त्यालाही मागे टाकले. हे शास्त्र नव्हे, हे खुद्द एलनबर्ग यांनी आधीच सांगून ठेवले होते.

याच्या उलट पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे, तेच पुस्तक वाचनालयातून आणले की वाचून होते. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासून, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालत आले आहे. पुस्तक देताना परतीची तारीख घालून देणे ही वाचनालयाची साधी रीत. मुदत टळली की दंड, आणि दंडापेक्षा काउंटरवरच्या माणसाची नजर. घरच्या पुस्तकाला मुदत नसते, आणि ते मागायला कोणी येत नाही. नेमके तेच त्याच्या मुळावर येते.

मराठी परंपरेत मुदतीची याहून पक्की सोय पारायणाची आहे. गुरुचरित्राचा सप्ताह सात दिवसांचा. कोणत्या दिवशी कुठवर वाचायचे हे ठरलेले, आसन ठरलेले, मध्ये उठायचे नाही. ज्ञानेश्वरीच्या पारायणात गावच्या मंदिरात मांडव घालून व्यासपीठचालकाच्या मागोमाग शेकडो माणसे एका सुरात ओव्या वाचतात. घरी पहिला अध्याय न ओलांडलेला माणूस तिथे अठराही अध्याय पुरे करतो, कारण शेजारचा पान उलटतो तेव्हा यालाही उलटावे लागते. अर्थ किती पोचतो हा वेगळा वाद आहे, आणि त्यात वारकऱ्यांनी व प्राध्यापकांनी एकमेकांना पुरेसे सुनावलेले आहे. पण ग्रंथ शेवटापर्यंत नेण्याचे याहून चांगले यंत्र अजून कोणी बसवलेले दिसत नाही. शहरांतली वाचककट्ट्यांसारखी मंडळे, महिन्याला एक पुस्तक ठरवून त्यावर बोलायला जमणारी, हे त्याचेच सौम्य रूप म्हणायला हरकत नाही. त्यांतही निम्मे सभासद चहापर्यंत गप्प असतात.

न वाचलेल्या पुस्तकांची बाजू घेणारेही आहेत. इटालियन लेखक उम्बेर्तो एको यांच्याकडे सुमारे ३०,००० पुस्तके होती, आणि ‘ही सगळी वाचली का?’ असे विचारणाऱ्यांची त्यांना गंमत वाटे. लेबनॉनी-अमेरिकी लेखक नसीम निकोलस तालेब यांनी २००७ मध्ये त्यांचाच दाखला देऊन मांडले, की न वाचलेली पुस्तके वाचलेल्यांपेक्षा मोलाची, कारण आपल्याला काय ठाऊक नाही ते ती समोर ठेवतात. फ्रेंच लेखक अनातोल फ्रान्स यांचे उत्तर याहून चटकदार : दहावा हिस्साही वाचलेला नाही, पण तुम्ही तरी सेव्ह्रची (फ्रान्समधल्या नामांकित कारखान्याची) उंची चिनी मातीची भांडी रोज जेवायला काढता का? युक्तिवाद देखणे आहेत. ते पुष्कळ वाचलेल्यांनी केलेले आहेत, एवढे ध्यानात ठेवावे.

मोबाइलने ढिगाचा आकार बदलला. पीडीएफच्या फायली जागा अडवत नाहीत, त्यांना धूळ बसत नाही आणि कसर लागत नाही, म्हणून त्या डोळ्यांसमोरून साफ जातात; कागदी ढीग निदान येता-जाता टोचतो तरी. ऐकण्याच्या पुस्तकांनी प्रवासातला आणि स्वयंपाकघरातला वेळ काही प्रमाणात मिळवून दिला आहे, विशेषतः कादंबऱ्यांना.

कागदी पुस्तकाचा प्रवास पुढे चालू राहतो. माणूस गेला, घर विकले, जागा लहान झाली, की कपाट रिकामे होते. काही पुस्तके वाचनालयाला देऊ केली जातात, आणि जागेअभावी वाचनालय बहुधा नाही म्हणते. बाकीची किलोवर रद्दीत, तिथून पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात. तिथे पन्नास रुपयांना उचललेल्या एखाद्या प्रतीच्या पहिल्या पानावर शाईने एक नाव आणि तारीख असते, त्याखाली वेगळ्या अक्षरात दुसरे नाव आणि वीस-पंचवीस वर्षांनंतरची तारीख. आतली पाने कोरी करकरीत. घेणारा खिशातून पेन काढतो आणि खाली तिसरी तारीख घालतो.