सोयाबीन रात्र मोजतं

पेरण्या तोंडावर आल्या की गावाकडच्या ग्रुपातल्या जाहिराती मुंबईत बसलेल्या आमच्याही फोनवर येऊन पडतात. ‘हे वाण लावा, विक्रमी उतारा घ्या!’ कुठल्या जमिनीत, किती पावसावर, ते कोणी सांगत नाही. त्यापेक्षा वाण किती दिवसांत काढणीला येतं ते आधी विचारावं. सोयाबीनच्या जेएस 335 या वाणाला साधारण 95 ते 100 दिवस लागतात, फुले संगमला 100 ते 105. जेएस 93-05 आधी निघतं.

आता गंमत अशी, की हा आकडाही पक्का नाही. फुलायचं कधी, हे सोयाबीन बरंचसं रात्रीच्या लांबीवर ठरवतं. पानातलं फायटोक्रोम हे प्रथिन लाल प्रकाशात सक्रिय होतं, अंधारात हळूहळू मूळ रूपात येतं. त्यावरून झाडाला दिवस-रात्रीचा अंदाज येतो. दिवस मोठा असला की ‘ई1’ हे जनुक जोरात असतं आणि फुलोऱ्याचा निरोप धाडणाऱ्या ‘एफटी’ जनुकांना दाबून ठेवतं. रात्र लांबली की ई1 ढिलं पडतं, एफटीचं प्रथिन पानातून शेंड्याकडे जातं आणि कळी धरते. अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी ‘बिलॉक्सी’ वाण वेगवेगळ्या तारखांना पेरलं, तरी ते जवळपास एकदमच फुललं. हे त्यांनी 1920 साली छापलं. पुढे दुसऱ्या संशोधकांनी त्याच वाणावर ऐन मध्यरात्री काही मिनिटं दिवा लावला, तर फुलोरा अडला! आमच्या गॅलरीत रस्त्यावरचा दिवा रात्रभर झोत टाकतो. तिथल्या कुंडीत सोयाबीन लावण्यात अर्थ नाही.

मुंबईत 21 जूनचा दिवस सव्वातेरा तासांचा, सप्टेंबरअखेर बाराचा. मराठवाड्यातही जवळपास तेच. म्हणून पेरणी जुलैच्या मध्यावर गेली की झाड पुरतं वाढायच्या आत फुलतं. फांद्या कमी, शेंगा कमी. अशा वेळी ओळी जवळ घ्याव्यात, बियाणं थोडं वाढवावं. मृगाचं वाहन कोल्हा की बेडूक, यावर पेरणारे अजून आहेत. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरलाय का, ते बघा की!

हलक्या रानात लवकरचं वाण बरं, भारी रानात उशिराचं चालतं. शेंगा भरताना पावसाने ओढ दिली तर उशिराचं मार खातं, काढणीत पाऊस आला तर लवकरचं भिजतं. दोन्ही थोडं थोडं असलं की सगळंच जात नाही. घरचं बियाणं चालतं, कारण हे पीक स्वपरागी आहे, म्हणजे फूल आपल्याच परागाने फळतं आणि वाण सहसा बदलत नाही. फक्त शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. सत्तरच्या खाली उगवले तर ते बियाणं पेरू नये.